कॉर्कला कुठं जेवायचं ते कॉर्ककाकांना विचारा

कॉर्ककाकांनी आयुष्यात कधी अंडं खाल्लं नव्हतं. पण आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात लोणी चोळलेली अंडी कुठल्या गाळ्यावर मिळतात, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. दारूला ते शिवत नसत, तरी तिथली काळी बिअर कशी प्यायची यावर दहा मिनिटं बोलत. "ओतली की लगेच तोंड लावायचं नाही. फेस खाली बसू द्यायचा. घाई करायची नाही, बाप्पा!" आणि कहर म्हणजे, कॉर्कला ते कधी गेलेच नव्हते. मूळचे नागपूरचे, अॅरिझोनातल्या चँडलरमध्ये चिप बनवणाऱ्या कंपनीत चोवीस वर्षं नोकरी. मीही तिथेच, दोन मजले खाली.

गणपतीच्या जेवणात कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, की आम्ही सुट्टीत युरोपला चाललोय. हातातली ताटली सांभाळत काका हजर. "मधे दोन दिवस कॉर्कला थांबा ना." एकदा मी पुणेरी तिरकसपणानं म्हटलं, "काका, इटलीला जाणारा माणूस एवढी वाट वाकडी कशाला करेल?" त्यांना राग बिग काही नाही. खिशातून पेन्सिलनं लिहिलेला कागद काढला आणि सुरू! सकाळी जुन्या, छत घातलेल्या बाजारात जायचं. वरच्या गॅलरीत कठड्याजवळ बसायचं, सूप घ्यायचं. "पोटभर नका खाऊ, पुढं अजून तीन ठिकाणं आहेत." मग नदी ओलांडून शँडनच्या मनोऱ्याकडे चढायचं. त्याच्या चार बाजूंना चार घड्याळं, चारही वेगळी वेळ दाखवतात. वर दोर ओढून आपल्याला घंटा वाजवता येतात, आकडे लिहिलेला कागद समोर ठेवलेला असतो. "शनिवारी दुपारी जा. आणि जोरात ओढा," हे मात्र ते दोनदा सांगत.

आम्ही त्यांच्या पाठीमागे हसायचो, खोटं कशाला बोलू? बाहेर एकशे पंधरा फॅरनहाइटचा पारा, गाडीचं स्टिअरिंग धरवत नाही, आणि हे गृहस्थ कॉफी मशीनपाशी सांगणार, "आज तिथं पाऊस पडून राहिला." जसा काही त्यांच्याच अंगणात पडतोय.

एका दुपारी मी पार्किंगमध्ये गेले, तर काका गाडीत बसलेले. एसी चालू, मांडीवर डबा, समोर फोन. फोनवर त्यांची मुलगी ईशा. तीन वर्षांची असताना ती चँडलरला आली, इथेच वाढली. ग्रीन कार्डाची रांग काही हलली नाही आणि एकवीस पूर्ण होताच ती वडिलांच्या व्हिसातून बाहेर पडली. जो देश तिला आपला वाटायचा, तोच सोडावा लागला. कॉर्कला अॅडमिशन मिळाली, मग तिथेच हॉस्पिटलमध्ये नोकरी. काकू त्याआधीच वारल्या होत्या, म्हणजे घरात काका एकटे. "होऊन जाईल, असं मीच म्हणत राहिलो तिला," ते एकदा मला म्हणाले, आणि लगेच पावसाविषयी बोलू लागले.

फोनवर नोकरीचं विचारलं, लग्नाचं विचारलं, की ईशाचं उत्तर ठरलेलं : "गॉटा गो, बाबा." एकाच प्रश्नाला ती भरभरून बोलायची. आज कुठं जेवलीस? आपली दुपार म्हणजे तिची रात्रीच्या जेवणाची वेळ. ती सांगायची आणि काका लिहून घ्यायचे. अख्खं कॉर्क त्यांना असं मिळालं होतं. त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं.

स्वतः जावं, तर पासपोर्टवरच्या व्हिसाचा स्टॅम्प संपलेला. एकदा देशाबाहेर पडलं की नवा स्टॅम्प भारतात जाऊन घ्यायचा, आणि तो अडकला की नोकरी गेली, घर गेलं. "कार्ड हातात येऊ द्या, पहिलं विमान कॉर्कचं!" हे मी दर वर्षी ऐकत होते.

गेल्या वर्षी मी नवऱ्याबरोबर खरंच कॉर्कला गेले. शनिवारी दुपारी मनोऱ्यावर चढून घंटा वाजवल्या, सगळे आकडे चुकवत. खाली उतरले तर छत्री घेऊन एक मुलगी उभी. "मावशी, बाबांनी पाठवलं ना? सो बॅड! माझ्या खोलीत सगळं ऐकू येतं." ती खळखळून हसली. कॉफी पिता पिता मात्र म्हणाली, "तुमची बारावी फॅमिली. सगळे येतात, मावशी. त्यांना सांगा, आता कुणाला पाठवू नका. स्वतः या, नाहीतर राहू द्या."

परतले त्या सोमवारी काका माझ्या डेस्कपाशी. "सूप घेतलं? वर बसलात की खाली?" मी सगळं सांगितलं आणि मग तेही सांगितलं, जसंच्या तसं. ते "बरं" म्हणाले, पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि गेले. नवरा म्हणाला, "तुला कुणी सांगितला होता नसता उद्योग?" तीन आठवडे काका खाली आले नाहीत. मला स्वतःचाच संताप आला होता.

आणि मग एका दुपारी समोर उभे. "एअरपोर्टला सोडाल का शुक्रवारी? लीव्ह टाकली."

"आणि स्टॅम्पिंग?"

"कॉर्कहून नागपूरला जाऊन बघतो. अडकलं तर अडकलं."

अडकलंच. कंपनीनं काही महिने वाट पाहिली, मग त्यांच्या खुर्चीत दुसरा माणूस आला. घर मीच आवरलं. स्टीलचे डबे महाराष्ट्र मंडळात वाटले, किल्ल्या एजंटला दिल्या. एवढं ओळखीचं गाव, पण दुपारी डबा उघडला की मला फार एकटं वाटतं. आपण बोललो नसतो तर काका आज इथे असते, हे मनातून जाता जात नाही.

परवा त्यांचा नागपूरहून फोन आला. चौकशा झाल्यावर मी विचारलं, "काका, कॉर्कला शेवटी कुठं कुठं जेवलात ते तर सांगा!"

"कुठंच नाही गेलो."

"म्हणजे? पाच दिवस होतात ना?"

"ती ड्यूटीवरून यायची, मी वरणभात लावून ठेवायचो. रोज म्हणायची, बाबा, चला ना बाजारात. मी म्हणायचो, उद्या जाऊ." मग अगदी हळू म्हणाले, "पाच दिवस तिला कुठं जेवलीस म्हणून विचारावं नाही लागलं हो."