मोठ्या फोनात दिसलेली खाट

नव्या फोनची पूजा करताना मी कुंकू नेमकं त्याच्या डोळ्यावर लावलं. आमच्याकडे कोणतीही नवी वस्तू आली की आधी तिला हळदीकुंकू लागतं, मग ती वापरात येते. फवारणीचा पंप असो की विहिरीवरची मोटर. पंपाला बोट टेकवायला जागाच जागा असते. फोनचं तोंड म्हणजे नुसती सपाट काच. पण वरच्या बाजूला, बरोबर कपाळाच्या मधोमध, एक बारीक काळा ठिपका होता. मला वाटलं, कंपनीने टिळ्यासाठी जागा सोडलेली दिसते. माणसं हुशार आहेत. मी बोट ओलं करून ठसठशीत टिळा लावला आणि वरून, फोनसोबत मिळालेली जास्तीची काच स्वतःच्या हाताने चिकटवून टाकली. तो ठिपका म्हणजे समोरचा कॅमेरा, हे कळायला मला तीन रविवार लागले.

फोन घेतला बायकोसाठी. मुलगी पुण्याला नोकरीला गेली त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून हिंगणीच्या घरात आम्ही दोघं, आणि आमचं बोलणं म्हणजे मोटर बंद केली का आणि भाजीत मीठ झालं का. दर रविवारी दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. जुन्या फोनात तिचा चेहरा सुपारीएवढा. बायको दर वेळी तिला विचारायची, बारीक तर नाही झालीस, बरी आहेस ना. ती म्हणायची, मजेत आहे, आम्ही खोलीतल्या दोघी मैत्रिणी मिळून स्वयंपाक करतो. फोन ठेवला की बायको माझ्याकडे वळायची.

"ते मजेत हाये म्हणते. पण दिसते कुठं?"

एवढंच तिला हवं होतं, पोरगी खरंच बरी आहे का ते डोळ्याने बघायचं.

सिंदीच्या बाजारात वांगी देऊन मी तिथल्याच मोबाइलच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने एकाच किमतीचे दोन फोन काउंटरवर ठेवले. एकाचा कॅमेरा चांगला, पडदा लहान. दुसऱ्याचा पडदा हातभर, बॅटरी दणकट, पण कॅमेरा जेमतेम आणि चाल जरा धिमी. या पैशात दोन्ही मिळत नाही, हे त्याने सरळ सांगितलं आणि विचारलं, "काका, तुमाले फोटो काढाचे हायेत का पाहाचे?" मी म्हणालो, पाहायचे. स्वतःचे फोटो काढावेत असं माझ्यात आता काही उरलेलं नाही.

मोठ्या फोनचे बाकीचे गुण मला शेतात कळले. तो शर्टाच्या खिशात अर्धाच बसतो. वांगी तोडायला वाकलं की आधी तो खाली जातो, मग मी. उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून गळ्यातला दुपट्टा डोक्यावर ओढून आत फोन धरावा लागतो. लांबून बघणाऱ्याला वाटत असेल, हा माणूस वांग्याच्या ओळीत बसून रडतो आहे. फोनमधली जागा कमी, ती भाजीवाल्यांच्या ग्रुपवरच्या सुप्रभाताच्या फोटोंनी भरून जाते. बॅटरी मात्र खरोखर दणकट. दुकानदार दोन दिवस म्हणाला होता, आमच्याकडे तिसऱ्या दिवशीही अर्धी शिल्लक असायची. मी ते कौतुकाने चार जणांना सांगितलं. मग लक्षात आलं, फोन करणारंच कोणी नाही तर ती संपणार कशी.

पहिल्या रविवारी आम्ही फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. मुलगी आली ती थेट खऱ्या चेहऱ्याएवढी. बायको जरा मागेच सरकली. तिकडून मुलगी हसायला लागली.

"आई, तुमी दोघं लाल धुक्यात बसल्यावानी दिसता. रेंजच नाई वाटते तिकडं. मी बी अशीच दिसत असन."

आमच्या इकडे, बोरच्या जंगलाला लागून, रेंजचं रडगाणं असतंच, त्यामुळे तिचं बोलणं पटण्यासारखं होतं. ती आम्हाला लख्ख दिसत होती, पण ते सांगायचं राहून गेलं. मी दुपट्ट्याने काच पुसण्यात गुंतलो होतो. बायको नुसती बघत होती.

असे तीन रविवार गेले. मी प्रत्येक वेळी कोपऱ्यातल्या चौकोनात स्वतःचं लाल तोंड न्याहाळत बसायचो आणि स्वस्त कॅमेऱ्याला शिव्या घालायचो. तिसऱ्या रविवारी कॉल संपल्यावर बायकोने हळूच विचारलं, "तिच्या मांगची खाट पाह्यली का तुमी?"

मी कशाची खाट बघतो. मग तिनेच सांगितलं. पोरीच्या मागे दुसरी खाट आहे, तिच्यावरची गादी गुंडाळून ठेवलेली आहे. तिन्ही रविवारी तशीच. मैत्रीण कधीचीच खोली सोडून गेलेली असणार. पोरगी तोंडाने हसतबोलत असते, पण ती आपल्याला नीट दिसत नाही असं तिला वाटतं म्हणून केस विंचरत नाही, डब्यातला भात तसाच चिवडत राहते आणि मधेच बाहीने डोळे पुसते. आवाजात मात्र काही कळू देत नाही.

आपण तिला काही विचारायचं का, असं मी म्हणालो. बायकोने नकारार्थी मान हलवली. विचारलं तर ती मजेतच आहे म्हणेल.

त्या आठवड्यात फोन पुन्हा खाली पडला आणि वरची काच तडकली. सिंदीच्या दुकानदाराने ती सोलून काढली, आतला वाळका टिळा नखाने खरवडला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी नवी काच न लावताच घरी आलो.

चौथ्या रविवारी आम्ही तिला दिसलो. जरा दाणेदार, पण दिसलो. "बाबा, तुमी किती पांढरे झाले," ती म्हणाली, आणि आपणही इकडे असेच दिसत असू हे तिला कळलं असावं. मग उठली, खोलीतला दिवा लावला, केसांवरून हात फिरवला आणि फोन असा फिरवला की मागे नुसती भिंत आली. त्यानंतर वीस मिनिटं ती फार छान बोलली. मैत्रिणीचंही सांगितलं, कालच दोघींनी पोहे केले म्हणे. मी वांग्याचा भाव सांगितला. बायकोने पोह्यात काय काय घातलं ते विचारलं, आणि पोरीने शेंगदाण्यापासून कोथिंबिरीपर्यंत सगळं सांगितलं.

कॉल संपला. बायको उठली, माळ्यावरून पिशवी काढून तिची धूळ झटकायला लागली. मी विचारलं, हे काय काढलं.

"पुण्याचं तिकीट काढजा. एकच काढजा, वांगे तोडाले आले. मी राहीन तिच्यापाशी पंधराएक दिवस. तुमी इथून पाहाजा आमाले, फोन त मोठा घेतलाच हाये."