सुटलेल्या माशाचं वजन

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून यवतमाळच्या छोट्या गाडीत बसलो, तेव्हा मी घड्याळ काढून खिशात ठेवलं. या गाडीला घड्याळाचं काही देणंघेणं नव्हतं. ती कपाशीच्या रानातून रमतगमत चालली होती. एका वळणावर तर एक गृहस्थ खाली उतरले, बांधावरची बोरं तोडली आणि दोन डबे मागे येऊन पुन्हा चढले. साठ-एकसष्टचा हिवाळा होता. वेंगुर्ल्याहून बोटीनं मुंबई, तिथून रेल्वे, असा मी दोन रात्री अवघडून आलो होतो. पायांशी माझी गळाची काठी फडक्यात गुंडाळलेली होती.

समोरच्या बाकावरचे फेटेवाले बराच वेळ त्या काठीकडे बघत होते.

"कुठून आले जी?"

"वेंगुर्ल्याहून. समुद्राकाठी आहे."

"मंग इकडे काहून?"

"मित्राकडे. मासे धरायला."

त्यांनी बायकोकडे वळून सांगितलं, "समुद्र सोडून आपल्या नदीत मासे धराले आले म्हन्ते हे." बाईंनी माझ्याकडे मोठ्या कणवेनं पाहिलं आणि ओंजळभर बोरं माझ्या हातावर ठेवली. बोरं गोड होती, म्हणून मी काही बोललो नाही. एरवी चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाची कोणी कीव करावी हे मला खपत नाही.

यवतमाळच्या फलाटावर वामन उभा होता. वामन म्हणजे माझा वेंगुर्ल्याचा बालमित्र. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होऊन इकडे आला तो इकडचाच झाला. आता आर्णीला असतो. केस पांढरे झालेले, पण चाल तीच. त्यानं मला कडकडून मिठी मारली आणि कानाशी आमच्या मालवणीत विचारलं, "कित्याक इलंस रे तू?" (कशाला आलास रे तू?)

मी म्हटलं, थट्टा असेल. पण त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता.

आर्णीच्या एसटीत शेजारी बसल्यावर त्यानं हळूहळू सगळं सांगितलं. त्यासाठी आधी आमचं तळं सांगायला हवं.

वेंगुर्ल्याला मिठागरामागे एक तळं आहे. भरतीला उघाडीतून (बांधाच्या दारातून) खाडीचं पाणी आत येई आणि त्याबरोबर एक चंदेरी मासा येई. डोळा रुपयाएवढा, खालचा जबडा पुढे आलेला, खवले नखाएवढे लखलखीत. वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात त्याचं नाव टार्पन असं सापडलं आणि तेव्हापासून आम्ही दोघं ऐटीत टार्पनच म्हणू लागलो. हा मासा गळाला लागला की पाण्याबाहेर उडी घेतो. त्या क्षणी दोरी ढिली सोडायची, नाहीतर तटकन तुटते. विशीत असताना एका सकाळी वामनच्या गळाला असा एक लागला. मी शेजारी कमरभर पाण्यात जाळी घेऊन उभा. मासा एकदा उडाला, दोनदा उडाला, तिसऱ्यांदा माणसाच्या उंचीइतका उडाला आणि दोरी तुटली. उन्हात चमकलेली ती पाठ अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आम्ही दोघं त्या दिवशी जेवलो नव्हतो.

"मग त्याचं काय?" मी विचारलं.

"इथे आमची मंडळी आहे. रविवारी नदीवर जमतो. पहिल्याच वर्षी मी त्यांना तो टार्पन सांगितला."

"किती सांगितलास?"

"सहा शेर म्हणालो होतो."

"अरे, चार असेल जेमतेम!"

वामन खिडकीबाहेर तुरीच्या शेतांकडे बघत राहिला. "त्याला बरीच वर्षं झाली," तो म्हणाला. "आता तो अर्ध्या मणावर आलाय."

अर्धा मण म्हणजे वीस शेर. मी हसलो. पण त्याच्या मंडळीतला रिवाज कळला तेव्हा माझं हसू थांबलं.

तो रिवाज मला गुलाबरावांनी संध्याकाळी सांगितला. गुलाबराव कापसाच्या बाजारातले मापारी, धिप्पाड, मिशाळ माणूस. उभा जन्म मापं घालण्यात गेलेला. त्यांच्यासोबत दवाखान्यातले कंपाउंडर मेश्राम होते, बारीक अंगाचे आणि सदा हसरे. माझ्यासमोर चहाची बशी सरकवत गुलाबराव म्हणाले, "धरलेला मासा काट्यावर जाते जी. पन सुटलेल्या माशाचं काय? त्याचं वजन जो थो आपल्या मनानं वाढवून राह्यला. भांडनं होऊन राह्यले. मंग आम्ही सुटलेलाही मोजाचं ठरवलं."

"तो कसा मोजणार?"

"हातानं." त्यांनी स्वतःचा पंजा पुढे केला. ज्याचा मासा सुटला त्याच्या डोळ्यांवर कापड बांधायचं, हातात त्याची काठी द्यायची, दोरी झाडाच्या फांदीवरून घ्यायची, टोकाच्या झोळीत एकेक शेर टाकत जायचं. माशाची ओढ होती तेवढी झाली की त्यानं 'बस' म्हणायचं. तेच त्या माशाचं वजन. पुन्हा कोणी वाद घालायचा नाही.

"माहा मासा मी आठ शेर सांगत जाओ," मेश्राम हसत म्हणाले. "हातानं दीडच निघाला. घरी बायको अजून इचारते, दीडवाले आले का म्हणून."

मी गणितवाला. म्हटलं, "ओढ म्हणजे वजन नव्हे, गुलाबराव."

"नसन. पन डोये बांधले का तोंड गप होते आन् हात खरं बोलते."

एक अट मात्र होती. मासा सुटताना पाहिलेला साक्षीदार हजर पाहिजे. त्यानं आधी गुलाबरावांच्या कानात आकडा सांगायचा. मोजणीनंतर ज्याचा आकडा खोटा पडेल त्यानं सगळ्यांची भांडी घासायची. आणि वामनचा साक्षीदार होता पाचशे मैलांवर समुद्राकाठी. इतकी वर्षं त्या अटीनं त्याला वाचवलं होतं. मी पुतणीच्या लग्नाला नागपूरला जाताना वाटेत आठ दिवस उतरतो, असं कार्ड टाकलं आणि ते नेमकं गुलाबरावांसमोर आलं.

"येत्या रविवारी सायबाचा मासा मोजू," गुलाबराव म्हणाले. वामननं बशीतला चहा बशीतच ठेवला.

त्याचं दुखणं मला समजत होतं. त्याच्या टेपावर त्या भागातले रस्ते आखले जात. दोन शेजाऱ्यांत धुऱ्याचा (बांधाचा) तंटा झाला तर लोक त्याला बोलावत, आणि तो म्हणेल ते फूट-इंच मान्य करत. ज्याचा मासा पाचपटीनं फुगलेला निघाला, त्याच्या फूट-इंचांवर उद्या कोण विश्वास ठेवणार? वामनला तीच धास्ती होती. घरी परतताना मी त्याला धीर द्यायला लागलो, तर म्हणाला, "तू काही बोलू नकोस. गुलाबरावांच्या कानात काय सांगणार तेही मला सांगू नकोस."

रविवारी सकाळी दमणीतून (बसायच्या हलक्या बैलगाडीतून) आम्ही अरुणावतीच्या डोहाकडे निघालो. दोन्हीकडे कापसाची शेवटची वेचणी चालली होती. वाटेत एका तांड्याजवळ (बंजारा वस्तीजवळ) बैलांना पाणी पाजलं. भिंगांची चोळी घातलेल्या एका आजीबाईनं आपल्या गोरबोलीत माझ्याबद्दल काहीतरी विचारलं. गाडीवान म्हणाला, "पावना कोनता, म्हून इचारून राह्यली." मी नमस्कार केला, तर तिनं भाजलेल्या तुरीच्या शेंगा पदरातून काढून दिल्या. या मुलुखात पाहुण्याचा हात रिकामा ठेवायची चालच नाही, असं माझ्या ध्यानात आलं.

डोह पाहून मात्र मी टोपी काढली. काळं, खोल, स्वस्थ पाणी आणि त्यावर वाकलेला एक म्हातारा उंबर. उंबरं टपकन पाण्यात पडत आणि खालून काहीतरी येऊन ती गिळून जाई. "खडस हाय," मेश्राम कुजबुजले. (खडस म्हणजे मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा.) आमिष म्हणून गळाला पिकलेलं उंबरच लावायचं! आम्ही कोळंबी लावणारे. मी नाक मुरडलं, पण लावलं.

घटकाभरात माझी काठी वाकली. अशी ओढ मी कित्येक वर्षांत अनुभवली नव्हती. सवयीनं मी उडीची वाट पाहिली आणि ती येणार असं वाटताच दोरी ढिली सोडली. पण खडस उडी मारत नाही. तो सरळ खाली खडकांत शिरला, दोरी घासली आणि तुटली.

"दोरी काहून सोडली जी?" गुलाबरावांनी विचारलं.

"आमच्याकडे सोडतात," मी म्हणालो. वामन एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. मला राग आला, पण दोन दिवसांत तो पहिल्यांदाच हसत होता.

दुपारी रोडगे झाले. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे. ते फोडून त्यावर तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. माझ्या कोकणी जिभेनं हात टेकले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी तिसरा रोडगा मागून घेतला. मग गुलाबरावांनी पोत्यातून लोखंडी शेर काढून ओळीनं मांडले. बाजारात सरकारनं किलो आणले होते, त्यावर ते भारी चिडलेले. "बाजाराले किलो," ते म्हणाले, "पन माशाले शेरच."

त्यांनी मला दमणीच्या मागे नेलं आणि कान पुढे केला.

मी उभ्या आयुष्यात कोणाला अर्धा गुण जास्त दिलेला नाही. स्वतःच्या मुलाला एका गुणानं नापास केलेला माणूस मी. मासा चार शेरांचा होता, गुंजभरही जास्त नाही. पण दमणीआडून मला वामनची पाठ दिसत होती. डोळ्यांवर उपरणं बांधून, काठी धरून, शाळेत छडीची वाट बघत उभा राही तसाच तो उभा होता.

"वीस शेर," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं. अर्धा मण."

गुलाबरावांची मिशीसुद्धा हलली नाही. त्यांनी जाऊन झोळीत पहिला शेर टाकला. वामननं 'अजून' अशी मान हलवली. दुसरा. तिसरा. डोहात उंबरं पडत होती. चौथा शेर पडला आणि वामनचं मनगट थेट त्या सकाळसारखं वळलं.

"बस," तो म्हणाला.

"सायब, नीट आठवा."

"बस म्हटलं ना. चार शेर."

गुलाबराव सावकाश माझ्याकडे वळले. "मास्तरनं वीस सांगतले."

वामननं उपरणं ओढून काढलं आणि माझ्याकडे बघतच राहिला. मग मेश्रामांना हसू फुटलं, गुलाबरावांना फुटलं, गाडीवानाला फुटलं. शिक्षा आम्हां दोघांना झाली. वामनचं तोंड इतकी वर्षं खोटं बोललं आणि माझं त्या दिवशी.

नदीच्या वाळूनं आम्ही पातेली घासत होतो, तेव्हा वामन मालवणीत पुटपुटला, "मेल्या, वीस सांगलंस?"

"तुझी अब्रू होती ना!"

"आणि मी चारावर थांबलो तो तुझ्यासाठी," तो म्हणाला. "हाताला तर कळलंच होतं. पण गप्प राहून मी पुढे गेलो असतो. मग म्हटलं, हा गणिताचा मास्तर, ह्यानं खरा आकडा सांगितलेला असणार. मी वीसवर गेलो तर परक्या गावात हा खोटा पडेल. ते मला चालणार नव्हतं."

 मी पातेलं घासत राहिलो. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

निघायच्या दिवशी सगळे एसटीपर्यंत आले. वामनची अब्रू गेली म्हणावं, तर गुलाबराव स्टँडवर भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या सायबानं आपल्या हातानं सोळा शेर सोडले बाप्पा. आजवर कोनी सोडले नाईत." धुऱ्याचा एक तंटा घेऊन दोन शेतकरी तिथेच वामनची वाट बघत बसलेले मी पाहिले. मग गुलाबरावांनी खिडकीतून माझा हात धरला. "मास्तर, मासा चार शेरच निघाला. पन दोस्त अर्ध्या मनाचा निघाला सायबाले." गाडी हलली.

नागपूरचं लग्न आटोपून घरी परतलो आणि वाचनालयाच्या ओट्यावर मी सगळ्यांना प्रवास सांगितला. गाडी, रोडगे, सुटलेल्या माशाच्या मोजणीचा रिवाज, आणि अर्थात माझा तो खडस. पहिल्या दिवशी मी पाच शेर सांगितला. शिमग्यापर्यंत तो दहावर गेला. कसा गेला कोण जाणे, मी जाणूनबुजून काही केलं नव्हतं. आंबे उतरले तेव्हा तो पंधरा शेरांचा होता आणि ओट्यावरच्या टवाळांनी अंगणातल्या फणसाला दोरी टाकून ठेवली होती. मी म्हणालो, "साक्षीदाराशिवाय मोजणी नाही. तसा नियमच आहे." साक्षीदार होता पाचशे मैलांवर, त्यामुळे मला झोप चांगली लागत होती.

मे महिन्यात एसटी स्टँडजवळ बाजाराला गेलो होतो. गाडी लागली आणि तिच्यातून हातात ट्रंक घेऊन वामन उतरला. पेन्शन झाली, म्हणाला, आठ दिवस आपल्या तळ्यावर काढू. तोवर ओट्यावरची दोन मंडळी त्याला ओळखून हसत पुढे येत होती. मी ट्रंक त्याच्या हातातून घेतली, त्याला कडकडून मिठी मारली आणि कानाशी विचारलं,

"कित्याक इलंस रे तू?"