बिननावाच्या तांड्याचा नकाशा

नाशिकहून निघताना बायकोनं विचारलं, "हिंगोली नेमकी कुठं आली हो?" माझी उभी हयात पोरांकडून जिल्हे पाठ करून घेण्यात गेलेली, तरी मी क्षणभर अडखळलो. कारण शाळेच्या भिंतीवर जो नकाशा होता त्यात हिंगोली जिल्हाच नव्हता. परभणीचा तुकडा तोडून तो नुकताच झाला होता आणि नवा नकाशा घ्यायला अनुदान यायचं होतं. "परभणीच्या पलीकडे," मी ठोकून दिलं. "मग परभणीलाच का नाही बोलावलं?" ती म्हणाली. मी पिशवी उचलली आणि स्टँड गाठला.

बोलावणं हिंगोलीतल्या एका कॉलेजचं होतं. कार्यक्रमाचं नाव 'नकाशा मेळावा व रोजगार संधी'. पुण्याची एक नकाशे छापणारी कंपनी येणार, पोरांची परीक्षा घेऊन त्यांना कामाला लावणार आणि मी प्रमुख मार्गदर्शक. "तुमचं दहावीचं भूगोलाचं गाईड आमच्याकडं फार चालतं," प्राचार्य फोनवर म्हणाले होते. गाईड चालतं म्हणजे पाठ्यपुस्तक कोणी उघडत नाही हे मला कळत होतं, पण स्तुती कोणाला नको असते?

जालना, जिंतूर करत एसटी औंढ्याला थांबली तेव्हा अंगातली हाडं एकेक करून मोजून घ्यावीत अशी अवस्था होती. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला हार, पेढे आणि तांब्याच्या गडव्यांची दुकानं होती. एका हॉटेलात गरम भजी आणि चहा घेतला. मालकानं चौकशी केली.

"कुठं निघाले सर?"

"हिंगोलीला. नकाशा मेळावा आहे."

"त्याच्यानं काय व्हतं?"

"मुलांना नोकऱ्या लागतात म्हणे."

त्यानं कढईतला झारा थांबवला. "मंग आमच्या पोराला पाठवून देतो. नकाशा न्हाई येत त्याला, पण नोकरी करील बराबर."

हिंगोलीत उतरलो तर गाव जिल्हा होण्याच्या कामात गढलेलं. पाट्यांवरचा 'तालुका' खरवडून तिथं 'जिल्हा' रंगवला होता, पण रंग दुकानात मिळेल तसा घेतल्यामुळे प्रत्येक पाटीवर तो एकच शब्द वेगळ्या रंगात चमकत होता. माझी सोय विश्रामगृहात केली होती. तिथला खानसामा म्हणाला, "पयले इथं साहेब लोक येऊन परभणीला जायचे. आता इथंच राहून राहिले. आमचंच काम वाढलं."

सकाळी मेळाव्याला गेलो. मांडवात महाराष्ट्राचा भला मोठा नकाशा लावून हिंगोलीवर लाल बाण काढला होता. बाण काढणाऱ्याचा जिल्ह्याबद्दलचा अभिमान दांडगा असावा, कारण बाणाच्या टोकाखाली नांदेडही गेलं होतं आणि अर्धं यवतमाळही. उद्घाटक यायला उशीर झाला. ते आल्यावर सत्कार झाले. सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. मग मला बोलायला सांगितलं. भूगोलात संधीच संधी आहेत असं मी भरपूर वेळ सांगितलं आणि माझ्या बोलण्यावर माझा स्वतःचाही विश्वास बसत चालला असताना प्राचार्यांनी चिठ्ठी पाठवून थांबवलं.

कंपनीतर्फे देशमाने नावाचे साहेब आले होते. तिशीतला माणूस, त्या उन्हात टाय. आधीच कळवलेली परीक्षा त्यांनी पुन्हा समजावून सांगितली. प्रत्येकानं आपल्या गावाचा आणि शिवाराचा नकाशा घरून काढून आणायचा होता. गल्ल्या, विहिरी, ओढे, गाडीवाटा, देवळं, सगळं नावानिशी. "ज्याचा नकाशा चांगला, त्याला संधी," ते म्हणाले. तासभर मी त्यांचं ऐकत होतो. नोकरी हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आला नाही, संधी मात्र दर वाक्याला येत होती.

पोरांनी काय नकाशे आणले होते! एका मुलाचं रंगकाम पाहून जीव हरखला. सेनगावकडच्या एकानं सरपंचाचं घर मारुतीच्या देवळापेक्षा मोठं काढलं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, "सरपंच बघतील ना सर." दुसऱ्याच्या नकाशात गावापर्यंत झकास डांबरी रस्ता होता. मी त्याच गावचा असल्यासारखं विचारलं, "हा रस्ता कधी झाला?" तो म्हणाला, "झाला न्हाई. मंजूर हाय." त्याच्या मागच्या चौघांनीही मंजूर रस्ते काढले होते. एकानं तर मंजूर पूल काढून त्याच्याखालून नदीही वळवून घेतली होती. देशमाने एकेक नकाशा घेत, मान डोलावत, "छान, कळवू," म्हणत आणि गुंडाळी करून बाजूला ठेवत.

एका मुलीपाशी त्यांची मान डोलायची थांबली. तिचं नाव सविता राठोड. कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका तांड्यावरची, भूगोल घेऊन बी. ए. झालेली. तिच्या नकाशात तिचाच नव्हे, आजूबाजूचेही तांडे होते. वाटा होत्या, पाणी कुठं आटतं आणि कुठं टिकतं तेही होतं. फक्त एकाही तांड्याला नाव नव्हतं.

"नावं राहिली की," देशमाने म्हणाले.

"राहिली न्हाईत सर. नावं कागद मिळाल्यावर लिहीन," ती म्हणाली.

"कसला कागद?"

"नेमणुकीचा."

मांडवात हशा पिकला. देशमानेही हसले, पण त्यांचं हसू अर्ध्यावर विरलं. तिचे वडील फुलसिंग मागंच उभे होते. डोक्याला पागोटं, पांढऱ्या मिशा, बोलणं हळू. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, हिच्या पाठची एक हाय. बारावी झाली. हिला काई लागलं तर धाकटीला कॉलेजात घालतो. न्हाई लागलं तर तांड्यातले लोक म्हणतील, एकीला शिकवून पाह्यलं ना, आता दुसरीला काहून?" त्या मुलीनं पाय घट्ट का रोवले ते मला तेव्हा कळलं.

देशमानेंना दुसऱ्या दिवशी यवतमाळकडे जायचं होतं, तिथंही मेळावा होता. तांडे वाटेवरच होते. "नाव काय, कोणालाही विचारलं तर सांगेल," ते म्हणाले. मला परतीच्या रेल्वेसाठी वारंगा फाट्यावरून नांदेडची गाडी धरायची होती, म्हणून त्यांनी मला जीपमध्ये घेतलं. फुलसिंग आणि सविताही मागं बसले. त्यांचं तेवढंच एसटीचं भाडं वाचलं. नकाशांची गुंडाळी आडवी मावेना, म्हणून ती टपाच्या कॅरिअरवर टाकली.

डांबरी रस्ता सोडून जीप डोंगराच्या अंगाला लागली. तुरी काढून झाल्या होत्या, पळसाला फुलं येत होती. तांडा टेकाडाच्या उतरणीवर होता, लिंबाच्या झाडांत. पहिल्याच घरापुढे एक म्हातारी शेण थापत होती. देशमानेंनी वही उघडली.

"आजी, या तांड्याचं नाव काय?"

"हरी नाईक तांडा."

देशमानेंनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं आणि लिहून घेतलं. पुढच्या ओट्यावर बसलेल्या गड्यानं ते ऐकलं. "कोन म्हनलं हरी नाईक? मानसिंग नाईक तांडा म्हना. तेच नाईक हायेत."

भानगड अशी होती. बंजाऱ्यांचा तांडा त्याच्या नाईकाच्या नावानं ओळखला जातो. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. तो बदलला की तांड्याचं नावही बदलतं. इथले धनू नाईक वारले तेव्हा त्यांना मूलबाळ नव्हतं. दोन पुतणे होते, हरी आणि मानसिंग. नसाबमध्ये (तांड्याच्या पंचायतीत) निवाडा झालाच नाही. वरचा तांडा हरीला नाईक मानायचा, खालचा मानसिंगला. फुलसिंग वरच्या अंगाचे. शाळेच्या मास्तरनं बदली होईल या भीतीनं पाटीच रंगवली नव्हती. एसटीचा कंडक्टर याला 'वळणावरचा तांडा' म्हणायचा आणि सरकारी कागदात धनूच्याही आधीच्या कोण्या नाईकाचं नाव होतं, जो आता कोणालाच आठवत नव्हता.

हां हां म्हणता माणसं जमली. पुण्याहून नकाशावाले साहेब आले म्हणजे नाव पक्कं करायला आले, असा सगळ्यांचा समज झाला. हरी नाईकांनी आम्हाला बाजेवर बसवून चहा पाजला. तो घशाखाली उतरतो न उतरतो तोच मानसिंग नाईकांकडचं जेवणाचं बोलावणं आलं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, लसणाचा ठेचा. जेवण फक्कड होतं, पण हात धुताना मानसिंग म्हणाले, "नाव बराबर लिवा साहेब. रस्ता त्याच नावानं येनार हाय." हरीकडे परतलो तर ते म्हणाले, "तिकडं जेवले ना? मंग इकडंबी जेवा." देशमाने दुसऱ्यांदा जेवले. टाय त्यांनी कधीच खिशात कोंबला होता.

"एकच नाव पाहिजे हो. एका ठिपक्याला एकच नाव बसतं," ते काकुळतीला आले.

"मंग ठिपका मोठा काढा," कोणीतरी सुचवलं.

ऊन कलायला लागलं. पुढचे तांडे बाकी होते आणि सविताच्या म्हणण्याप्रमाणे त्यातल्या दोनांत याहून वाईट परिस्थिती होती. देशमाने तिच्याकडे वळले. "तू सांग. खरं नाव कोणतं?"

"सर, ते कामाला लागल्यावर सांगन."

आता मला राहवलं नाही. "देशमाने, या मुलीला कागद द्या," मी म्हणालो. "नाहीतर तुम्हाला प्रत्येक तांड्यावर दोनदा जेवावं लागेल." त्यांनी पोटावरून हात फिरवला, आणि त्या हातानंच निकाल लागला असं मला आजही वाटतं. बॅगेत कंपनीचा छापील कागद होता, शिक्काही होता. एवढी तयारी असून मेळाव्यात तो शिक्का एकदाही बाहेर निघाला नव्हता. बाजेवर बसून त्यांनी लिहिलं, डोंगरपट्ट्याची पाहणी करणारी म्हणून नेमणूक, पगारासकट. फुलसिंगनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि घडी करून पागोट्यात खोचला.

मग सविता उठली. हरी आणि मानसिंग दोघांनाही तिनं लिंबाखाली बोलावलं आणि सरळ सांगितलं, "नकाशावर धनू नाईक तांडा लिहिते."

गलका झाला. गेलेल्या माणसाचं नाव लावायचं म्हणजे तांड्याला आज नाईकच नाही असं म्हणणं. हरी भडकले, मानसिंगही भडकले. बऱ्याच दिवसांनी दोघं एकाच बाजूनं बोलत होते. ती ऐकून घेत उभी राहिली. शेवटी हरी म्हणाले, "त्याचं न्हाई ना लिवत?" मानसिंगनी तेच विचारलं. दोघांनाही ती 'न्हाई' म्हणाली, तसे दोघं आपापल्या ओट्याकडे वळले.

"हे सकाळीच का नाही सांगितलंस?" देशमाने चिडून म्हणाले.

"सकाळी मी फुलसिंगची पोरगी होते, वरच्या तांड्याची. मी काईबी म्हनलं असतं तरी खालच्यांनी ऐकलं नसतं. आता कंपनीची हाये. दोघं सारखेच नाराज झाले, म्हंजे बराबर झालं."

मला फार आनंद झाला. आयुष्यभर भूगोल शिकवून एवढं समाधान मला क्वचित मिळालं होतं. निघताना फुलसिंग जीपपर्यंत आले, सोबत धाकटी. ती लाजून बापाच्या मागं उभी होती.

"सर, हिलाबी भूगोलच घ्यायला लावू का?"

मेळाव्यातलं भाषण जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. "घेऊ द्या," मी म्हणालो. "पण ताईसारखी आधी कागद मागायला शिकवा."

फुलसिंग मिशीत हसले. "ते शिकवायला लागत न्हाई. आमचा आजा बैलावर मीठ घालून गावोगाव जायचा. सांगायचा, गोनीचं तोंड सोडून मीठ दाखवायचं, चाखायला द्यायचं, पन सौदा झाल्याबिगर बैलावरची गोनी उतरवायची न्हाई."

वारंगा फाट्यावर पोचलो तेव्हा हॉटेलांपुढे ट्रकांची रांग लागली होती. चहा घेताना कालच्या मेळाव्यातली काही पोरं भेटली, फाट्यावर बाजार करून आपापल्या गावच्या जीपांची वाट बघत उभी होती. त्यांत मंजूर पुलाचा कर्ताही होता. देशमाने टायरची हवा बघायला गेले तशी पोरं माझ्याभोवती जमली.

"सर, आमचं कवा कळवतील?"

"काही लिहून दिलंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"न्हाई. साहेब म्हनले कळवू."

मला संताप आला, देशमानेंचा आणि तितकाच त्या मांडवाचा, ज्यात मीही शाल पांघरून बसलो होतो. "मग आपापले नकाशे परत मागून घ्या," मी स्पष्ट सांगितलं. "कागद देतील तेव्हा नकाशा द्या. त्या मुलीनं तेच केलं, तिला आज नोकरी मिळाली."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पूलवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "असं कसं मागायचं सर? एवढ्या लांबून आलेत साहेब. काईतर देतीलच."

तेवढ्यात नांदेडची गाडी आली. मी चढलो, खिडकीची जागा मिळाली. बाहेर वारं सुटलं होतं आणि जीपच्या टपावरची गुंडाळी फडफडत होती. पोरांच्या ते लक्षात आलं. एकजण हॉटेलातून प्लास्टिकचा कागद घेऊन आला, दुसऱ्यानं कुठूनशी सुतळी आणली. दोघं टपावर चढले. गाडी हलली तेव्हा पूलवाला खाली उभा राहून सांगत होता, "नीट बांधा रे, एकबी उडायला नको."