हाक कोणाची होती

बायंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे 'पहिला शो' म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि बिचारं तिथेच पडून असायचं. कुठलाही नवा सिनेमा लागला की ही पहिल्या दिवशी हजर, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तिने नाक मुरडलं की निम्मा कारखाना त्या सिनेमाकडे फिरकायचा नाही. पुस्तकांच्या पाठीला खळ लावणारे काका म्हणत, "आम्हाला डोळे हवेत कशाला? ही बघते, आम्ही ऐकतो."

पण 'माघाऱ्या'ची गोष्टच वेगळी होती. त्याचा पहिला भाग आठ वर्षांपूर्वी आला. माघाऱ्या श्वास रोखायचा आणि काळात मागे जायचा. श्वास टिकेल तेवढाच वेळ तिथे राहता यायचं. त्याने गाल फुगवले की सगळं थिएटर गाल फुगवून बसायचं, आणि तो परतला की चारशे माणसं एकदम सुस्कारा टाकायची. त्याचा थोरला भाऊ उंच क्रेनवर काम करत असतो. सिनेमाच्या सुरुवातीलाच खालून कोणीतरी त्याला हाक मारतं, तो वाकून बघतो आणि पडतो. माघाऱ्या पुढे सगळं शहर वाचवतो, पण भावाच्या दिवसापर्यंत काही त्याचा श्वास पुरत नाही. शेवटी तो आभाळाकडे बघून म्हणतो, "हाक कोणी मारली ते मी शोधून काढीन," आणि पडदा काळा होतो.

त्या काळ्या पडद्यावर तिने आठ वर्षं काढली. कागदाच्या कातरणांची एक वही शिवली, तिच्यात खुणा लिहून काढल्या. त्रेसष्ट झाल्या. त्रेसष्टच्या त्रेसष्ट एकाच माणसाकडे बोट दाखवत होत्या: खलनायक, ज्याला हे दोघं भाऊबहीण 'धुक्या' म्हणत.

दोघं म्हणजे ती आणि दादा. दोन खोल्या, एक खिडकी, एक पंखा. पहिला भाग दोघांनी मिळून सात वेळा पाहिला. श्वास रोखण्यात दरवेळी दादा जिंकायचा.

दादा त्याच कारखान्यात कटिंग मशीनवर होता. दहा वर्षांपूर्वी एका दुपारी पात्याने त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं नेली. चौकशीच्या कागदावर 'कामगाराचे लक्ष विचलित झाल्याने' एवढंच लिहिलं गेलं. कशाने विचलित झालं, हे कोणी विचारलं नाही. तिला मात्र ते ठाऊक होतं. ती कटिंगच्या खोलीच्या दारात डबा घेऊन उभी होती आणि तिने हाक मारली होती, "दादा, जेवायला चल!" त्याने मान वळवली. पुढचं तिने पाहिलं आणि कोणालाही सांगितलं नाही. दादाला तर नाहीच. त्याने ती हाक ऐकली होती की नाही, ऐकली असेल तर त्याच्या लक्षात आहे की नाही, हे विचारायची तिची छाती झाली नाही.

त्या वर्षी तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. ती तिनेच मोडली. दादाच्या शर्टाची बटणं ती लावू लागली, नखं ती कापू लागली. पंख्याखालची जागा त्याची झाली. कटिंगच्या खोलीत तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही. शिवलेल्या पुस्तकांचा थप्पा ती उंबऱ्याशी ठेवायची आणि तोंड फिरवून परत यायची.

म्हणून सिनेमातली ती हाक दुष्टाचीच निघायला हवी होती. ठार मारायला हाक देणारा एक असतो आणि जेवायला बोलावणारी दुसरी असते, एवढं कोणीतरी तिला चारशे माणसांसमोर ठणकावून सांगायला हवं होतं.

दुसरा भाग शुक्रवारी लागला. शाळेच्या नकाशांच्या पुस्तकांचं काम संपवायचं होतं, म्हणून सकाळचा खेळ हुकला आणि ती दुपारी बाराच्या खेळाला गेली. दादा आता एका वाचनालयाच्या दारात बसून लोकांच्या पिशव्या सांभाळायचा. शुक्रवारी त्याची सुट्टी असे. "चल ना," ती म्हणाली होती. "तू बघून ये. संध्याकाळी सांग," तो म्हणाला. तिला जरा नवल वाटलं होतं.

शेवटच्या पंधरा मिनिटांत माघाऱ्या श्वास रोखतो. गाल फुगतात, डोळे लाल होतात, आणि एकदाचा तो भावाच्या दिवसापर्यंत पोचतो. अंगावर पिवळा रेनकोट. वर क्रेनवर भाऊ उभा. धुक्याचा कुठे पत्ताच नाही. मागून एक लोखंडी तुळई झुलत येताना माघाऱ्याला दिसते, आणि भावाला सावध करायला तो जिवाच्या आकांताने ओरडतो. भाऊ वाकून बघतो.

तिच्या फुगलेल्या गालांतली हवा तशीच राहिली. आजूबाजूला कोणीतरी रडलं, कोणीतरी शिट्टी मारली. तिला वाटलं, काहीतरी चुकलंय. पंधरा वर्षं ती फर्मे क्रमाने लावत होती. छापलेल्या कागदाच्या घड्या एकावर एक रचायच्या, आणि एक घडी जरी खालीवर झाली तरी गोष्टीतला मेलेला माणूस पुढच्या पानावर जेवायला बसतो. तशीच ही चूक असणार. ती थेट दारावरच्या तिकीट फाडणाऱ्याकडे गेली.

"तुमचा सिनेमा मागेपुढे लागलाय."

"काय झालं, बाई?"

"शेवटचा तुकडा आधीचा आहे. याच्यानंतर अजून काहीतरी असणार. धुक्या यायचाय अजून."

"धुक्या कोण?"

"अहो, तो काळ्या हातमोज्यांचा!"

"तो मध्यंतराआधीच मेला की," तिकीटवाला म्हणाला. "संपला सिनेमा. बाहेर उजेड आहे, जपून जा."

बाहेर खरंच उजेड होता. ती चालत निघाली. चार रस्ते ओलांडले, पण कुठे सिग्नल लागला आणि कुठे नाही, हे नंतर तिला सांगता आलं नसतं. माघाऱ्याची हाक चांगुलपणाची होती, तरी माणूस गेलाच. सिनेमावाल्यांनी एवढे पैसे ओतून, एवढ्या तुळया झुलवून हे दाखवायचं? आणि संध्याकाळी हे दादाला सांगायचं? हे ऐकलं की दादाला ती दुपार आठवणार. दारातून आलेला आवाज आठवणार. शेवटच्या वळणावर तिने ठरवून टाकलं. शेवट बदलायचा.

संध्याकाळी सात वाजता दादा पंख्याखाली बसला आणि ती उभी राहून सिनेमा सांगू लागली. ती सांगायला लागली की खोली कमी पडायची. चमच्याची क्रेन व्हायची, टॉवेलची नदी. दादा अधूनमधून "हं, मग?" म्हणत होता. शेवटाकडे येताना तिचा आवाज चढला.

"आणि धुकं बाजूला सरतं, तर कोण? धुक्या! हातमोजे काढतो, दोन्ही हात तोंडाशी नेतो आणि हाक मारतो. मी म्हटलं नव्हतं? त्रेसष्ट खुणा! एकही वाया गेली नाही!"

दादा पुढे सरकून बसला.

"मग पिवळ्या रेनकोटात कोण होतं?" त्याने विचारलं.

तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. रेनकोटाचं ती एका अक्षरानेही बोलली नव्हती.

"तू गेला होतास."

"सकाळी नऊच्या खेळाला. मागच्या रांगेत बसलो."

"मला न सांगता?"

"आधी एकट्याने बघायचा होता." त्याने उजव्या हाताने डावा हात झाकला. ही त्याची सवय होती. "शेवट का बदललास, बारके?"

ती खाली बसली. दहा वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं ते एका दमात बाहेर आलं. दार, डबा, हाक, त्याची वळलेली मान. "माझ्यामुळे गेली तुझी बोटं," ती म्हणाली. "तू मला हवं ते बोल. पण बोल."

 दादा म्हणाला, "त्या क्रेनवाल्याच्या कमरेकडे पाहिलंस तू?"

"कमरेकडे?"

"पट्टा बांधलेला नव्हता. कडी नुसती लोंबत होती. पट्टा असता तर शंभर हाका मारल्या असत्या तरी पडला नसता. पहिल्या भागातही तोच देखावा आहे. सात वेळा पाहिला आपण. सगळं थिएटर खाली बघतं, हाक कोणी मारली म्हणून. मी सातही वेळा पट्टा बघत होतो."

"म्हणजे?"

"मशीनला दोन बटणं असतात. दोन हातांनी एकदम दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. मी डाव्या बटणात पुठ्ठ्याची घडी खुपसून ठेवायचो. मग ते दाबलेलंच राहतं. उजव्या अंगठ्याने काम चालतं आणि डावा हात थप्पा सारखा करायला मोकळा. दिवसाला दोनशे पुस्तकं जास्त निघायची. त्या दिवशी डावा हात आत होता तो त्या घडीमुळे. तुझ्या हाकेने नाही."

"पण मशीनमध्ये पुठ्ठा सापडला नाही कोणाला."

"तू फडकं आणायला धावलीस तेवढ्यात मी तो उपसला. दवाखान्यात साहेब खिसे बघतील असं वाटलं." त्याने ओठ पुसले. "म्हणून खाल्ला."

"काय खाल्लं?"

"पुठ्ठा. निळा होता. चावून गिळला."

एखाद्या दिवशी ती यावर पोट धरून हसली असती. आता तिने एवढंच विचारलं, "मी स्वतःला दोष देतेय, हे तुला माहीत होतं?"

दादाने पंख्याकडे पाहिलं. "पहिल्या महिन्यातच कळलं. त्याआधी तू माझ्याशी रोज भांडायचीस. चहावरून, खिडकीवरून, पाण्याच्या बादलीवरून. त्या दिवसानंतर एकदाही भांडली नाहीस. मला बरं वाटलं, बारके. मग तू लग्न मोडलंस. तेव्हा सांगायला हवं होतं. दोनदा तोंड उघडलं मी. मग वाटलं, सांगितलं तर ही निघून जाईल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. हाच चेहरा सातही वेळा अंधारात शेजारी गाल फुगवून बसला होता, आणि दरवेळी जिंकला होता.   शेवटी ती म्हणाली, "ऊठ तिथून. पंख्याखाली मी बसणार."

तो उठला.

"आणि चहा कर. तुझा तू."

सकाळी तिने त्याच्या शर्टाला हात लावला नाही. डबा भरताना डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिली. उजवा हात आणि डाव्याचा अंगठा नि उरलेलं एक बोट, एवढ्यावर दादाने सहाच्या सहा बटणं लावली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तिने डबा इतक्या जोरात बंद केला की झाकणाला पोचा आला.

कारखान्यात ती नकाशांच्या पुस्तकांचा पहिला थप्पा घेऊन कटिंगच्या खोलीपर्यंत गेली आणि उंबऱ्याशी थांबली. दहा वर्षांत तिने ते मशीन पाहिलं नव्हतं. मग थप्प्यासकट ती आत शिरली. पुढ्यात दोन बटणं, एक डावं, एक उजवं. डाव्या बटणाच्या फटीत लाल पुठ्ठ्याची घडी बसवलेली होती. कडा काळवंडल्या होत्या, म्हणजे आजची नव्हती.

तिने थप्पा खाली ठेवला आणि ती घडी उपसून काढली.

"ए बाई!" कटिंगवाला ओरडला. "ते तिथलं आहे!"

"दोन्ही हात लाव."

"अगं, संध्याकाळपर्यंत नऊशे कापायचीत. दोन हातांनी होतात का?"

आवाज ऐकून खळवाले काका ब्रश हातात घेऊन दाराशी आले, पाठोपाठ पुस्तकं शिवणाऱ्या दोघी आल्या. काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "जाऊ दे गं. सगळेच लावतात ते. तुझा दादासुद्धा..." आणि गप्प झाले. ब्रशावरून खळ जमिनीवर ओघळू लागली.

तिने एकेकाकडे पाहिलं. शिवणारी एक चपलेकडे बघू लागली. कटिंगवाल्याने कपाळ पुसलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "सगळ्यांना."

"तुला माहीत नव्हतं?" काकांचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, तू बहीण त्याची! आम्हाला वाटलं, तुला माहीत आहे म्हणूनच तू या खोलीत येत नाहीस!"

 दुसऱ्या शिवणारीने हातातली सुई पदराला खोचली. ती म्हणाली, "ते राहू दे आता. सिनेमा कसा आहे ते सांग ना. रविवारी जायचं का आम्ही?"

'पहिला शो'च्या मुठीत लाल घडी होती. घट्ट दाबूनही ती चुरगळत नव्हती, चांगल्या पुठ्ठ्याची होती. तिने ती एप्रनच्या खिशात टाकली आणि मशीनला पाठ टेकून उभी राहिली. दरवेळी ती सिनेमा माघाऱ्यापासून सुरू करायची, त्याच्या फुगलेल्या गालांपासून.

"वर क्रेनवर एक माणूस उभा आहे," ती सांगू लागली, "आणि त्याच्या कमरेचा पट्टा सुटा लोंबतोय. आधी तिकडे बघा."