पहिल्या होकारानंतर आमचे व्याही

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीला एका दमात ‘हो’ म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. आणि कधी म्हटलंच, तर म्हणून झाल्यावर ते लगेच पुढचं दार वाजवायला गेले. भाजीला निघाले की पहिल्या गाडीवरची वांगी देठ बघून निवडायची, ‘छान आहेत, बाजूला ठेव’ म्हणायचं आणि सगळा बाजार पालथा घालायचा. परत येतात तोवर ती वांगी दुसऱ्याच्या कढईत. सर्दीला तीन डॉक्टर. तिघांनी एकच गोळी लिहून दिली की म्हणणार, ‘आता खात्री झाली’, पण तोवर सर्दी गेलेली असते. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि घर बांधलं ते नवनगरला. का, तर हुबळीही हाताशी आणि धारवाडही हाताशी, एकाच गावावर अडून राहायला नको. तिथून निघताना पहिली बस सोडायची, कारण मागून रिकामी येते. त्या रिकाम्या बसची वाट बघता बघता एकदा सख्ख्या भाचीच्या अक्षता पडून गेल्या आणि हे थेट पंगतीला पोचले. कुणी काही विचारलं की एकच उत्तर, ‘नोडोणरी’. कानडीत म्हणजे ‘बघू या की’. माणूस वाईट नाही, पण त्यांच्याबरोबर घटकाभर बसलं की आपल्याच पायांना मुंग्या येतात.

मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माझ्या लेकीला बघायला ते हुबळीत, कमरीपेठेत आमच्या घरी आले, शिरा खाल्ला, ‘मुलगी पसंत आहे’ म्हणाले, नारळ घेतला, आणि दुसऱ्या दिवशी अळणावरला दुसरी मुलगी बघायला गेले. तिथल्या लोकांना वेळ दिलेली होती म्हणे. पाच दिवस ना होय ना नाही. आमच्या घरातले रोज उठून दाराशी जाऊन उभे राहायचे आणि मी उगाच भांडी घासलेली परत घासायची. सहाव्या दिवशी हे आले आणि हसत म्हणाले, ‘अक्का, तुमचीच बरी!’ लग्न झालं, चांगलं झालं. पण ते पाच दिवस मी त्यांना माफ केलेले नाहीत.

तर गेल्या डिसेंबरात आमच्या दोघांच्या नातीला, मैथिलीला, परदेशातल्या एका कॉलेजनं ‘ये’ म्हणून कळवलं. पोरगी बारावीत, झाडापानांचं वेड. तिनं वेळेआधी अर्ज केला होता म्हणून उत्तरही वेळेआधी आलं. मी चौथी पास. लेकीनं फोनवर सांगितलं, ‘आई, कॉलेजनं होकार दिला’, मला होकार एवढंच कळलं. मी पेढे आणले आणि कमरीपेठेपासून धारवाडपर्यंत सगळ्या आप्तांकडे पोचवले. आमच्यात पेढे वाटले की विषय संपतो. मग कुणी ‘अजून काही बघताय का’ असं विचारत नाही, विचारणं बरं दिसत नाही. संध्याकाळी व्याही घामाघूम होऊन माझ्या दारात.

‘अक्का, काय केलंत हे! ते हो म्हणालेत, आपण कुठं म्हणालोय? मे महिन्यापर्यंत सांगायचं आहे. आपल्यावर बंधन काही नाही.’

‘म्हणजे त्यांना लटकत ठेवायचं?’

‘लटकत कसलं? तशी पद्धतच आहे तिकडं. अजून नऊ ठिकाणी अर्ज करायचेत.’

आणि मग हा गृहस्थ माझ्या पेढ्यांच्या मागोमाग घरोघर फिरला. ‘पेढे खा, पण पक्कं समजू नका’, असं सांगत. माझ्या चुलत जावेनं तोंडावर विचारलं, ‘मग खाल्लेले परत देऊ का भावोजी?’

त्या दिवसापासून पोरीचे हाल सुरू झाले. व्याह्यांनी एक जाड वही घातली. नऊ कॉलेजांची नऊ पानं, प्रत्येक पानावर थंडी किती, तांदूळ मिळतो का, जवळपास कुणी आपलं माणूस आहे का. प्रत्येक अर्जाला वेगळा निबंध लागायचा. एकानं विचारलं होतं, आयुष्यात कोणत्या अडचणीला तोंड दिलंस ते लिही. मैथिली म्हणाली, ‘आज्जा, तुमच्यावर लिहू?’ तेही यांनी मनावर घेतलं. म्हणाले, ‘लिही की, पण माझं हेडक्लार्कचं पण घाल.’ इकडे मार्चात बोर्डाची परीक्षा. पोरीनं नखं कुरतडून बोटं लाल केली. ताटावर बसली की दोन घास खाऊन उठायची, या खोलीतून त्या खोलीत जायची, फोन उघडायची, मिटायची. रविवारी माझ्याकडे पळून यायची आणि इथंही बसायची नाही. मी म्हटलं, ‘हो म्हणून टाक आणि सुट.’ तर म्हणाली, ‘म्हणावंसं वाटतं आज्जी. पण म्हटलं आणि नंतर वाटलं की दुसरीकडं विचारायला हवं होतं, तर?’

त्याच रविवारी तिच्या मागावर वही घेऊन व्याही आले. मग मी पंचवीस वर्षांचं सगळं काढलं. ‘अण्णा, तुम्ही नारळ घेऊन अळणावरला गेलात तेव्हा आमच्या घरात चूल कशी पेटत होती ते माहीत आहे का तुम्हाला? एकानं हो म्हटल्यावर थांबावं माणसानं. पोरीकडं बघा जरा.’

ते चिडतील असं मला वाटलं होतं. पण ते वहीच्या कडा सारख्या करत राहिले. मग म्हणाले, ‘चूक झाली. निरोप तरी धाडायला हवा होता. पण अक्का, एक सांगा. पंचवीस वर्षांत तुमच्या लेकीला आमच्या घरात कुणी म्हटलं का, की हिच्यापेक्षा बरी मिळाली असती? मी बघून आलो होतो री. म्हणून कुणाची टाप नव्हती.’

हे खरं होतं. मला ते आवडलं नाही, पण खोटं कसं म्हणू? लेकीला त्या घरात कुणी कधी टोचून बोललेलं नाही.

मैथिली आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती. तिनं आज्जाच्या हातातून वही घेतली, नऊच्या नऊ पानांवर फुल्या मारल्या आणि शेवटी एक नाव लिहिलं. ‘एवढं एकच करणार. इथं नुसत्या जंगलाचा अभ्यास आहे. मला पहिल्यापासून हेच हवं होतं. घेणार नाहीत म्हणून विचारलंच नव्हतं.’

‘अगं, मग हे वहीत कसं नव्हतं?’ व्याही म्हणाले.

‘तुम्ही मला कुठं विचारलंत आज्जा?’

मी पण विचारलं नव्हतं. मी तर पेढे वाटून मोकळी झाले होते.

तो अर्ज तिनं एकटीनं लिहिला, दोन दिवसांत. मग जेवायला लागली. परीक्षा दिली. मार्च संपता संपता त्या जंगलवाल्यांचं उत्तर आलं, ‘नाही’ म्हणून. मी नवनगरलाच होते. पोरीनं दोनदा वाचलं, थोडी रडली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, ‘आता पहिल्यांना हो कळवते.’ कळवलंसुद्धा, आमच्या समोरच. व्याह्यांनी तोंड उघडलं होतं. मी डोळे वटारले, तेव्हा मिटलं. त्या रात्री पोरगी अशी झोपली की सकाळी दहाला हलवून उठवावी लागली.

ऑगस्टात ती गेली. तिथं बरी आहे, डोंगरावर हिंडते, फोटो पाठवते. त्या जंगलवाल्यांची हुरहूर लागल्यासारखी कधी बोलली नाही.

व्याही आता गुरुवारी गुरुवारी माझ्याकडे येतात. काम काही नसतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तिकडे किती वाजले असतील याचा हिशेब करतात, दर वेळी तोच. मी म्हणते, ‘फोन लावा की.’ ते म्हणतात, ‘झोपली असेल.’ मग आम्ही बसून राहतो. आमच्या दोघांत बोलण्यासारखं मुळात फारसं नव्हतंच, भांडायला ती पोरगी होती. चहा संपला तरी ते उठत नाहीत, आणि मीही उठा म्हणत नाही.