आधी माझं नाव

“हे आकडे लॅबमध्ये काढलेस, की एसटीत बसून?”

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. सात-आठ जण होतो. कुणीतरी हसलं.

मी बारामतीच्या एका कॉलेजात पीएचडी करते, सर माझे गाईड. केसाहून कितीतरी पातळ असा एका पदार्थाचा थर मी काचेवर बनवला होता. तो गार करत नेला की एका ठरावीक तापमानाला त्याचा विजेला होणारा रोध धाडकन पडायचा. रोध कमी, म्हणजे उष्णतेत वाया जाणारी वीज कमी. कमी वीज खाणारी उपकरणं करायची, त्यासाठीच आमची लॅब.

“तुझ्या वडिलांच्या दुकानात चालत असेल अंदाजे,” सर म्हणाले. “हे फिजिक्स आहे.”

अब्बा लासुर्ण्यात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतात. वेढे अंदाजानं घातले तर मोटार परत जळते. हे तेव्हाच बोलायला हवं होतं.

सरांनी सगळं परत मोजायला लावलं, वर पहारा बसवला. नवा थर, नव्या तारा. मोजणार त्यांचा लाडका विद्यार्थी. मी हात लावायचा नाही, लांबून सांगायचं. चोरासारखी उभी राहिले. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा रोध त्याच तापमानाला पडला.

घरी अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, “आकडं खरं हायेत न्हवं? मग मान तू का खाली घालतीयास?”

दुसऱ्या दिवशी सर एकदम गोड.

“बेटा, तुझी आकड्यांची वही ठेवून जा. पुढचं मी बघतो.”

तीन वर्षांत पहिल्यांदा बेटा. तिथंच शंका आली. लाडक्याच्या कॉम्प्युटरवर शोधनिबंधाचा मसुदा उघडाच होता. आलेख माझा. वर नावं दोन, सरांचं आणि त्याचं. मी शेवटी, आभारात. मदतीबद्दल.

वही मी पिशवीत घातली.

“निबंधावर पहिलं नाव माझं येईल, तेव्हा वही मिळेल.”

“तुझी पीएचडी माझ्या सहीवर आहे. विसरू नकोस.”

“न्हाय विसरले.”

लॅबमध्ये मी कधी ‘न्हाय’ म्हणत नसे. जपून बोलायचे. त्या दिवशी जपलं नाही.

सही अजून झालेली नाही. कॉलेजच्या समितीकडं अर्ज दिलाय, वहीच्या झेरॉक्ससकट. समितीतले दोघं सरांच्या घरी जेवायला असतात, तेही मला ठाऊक आहे. “समजुतीनं घे,” म्हणून निरोप येतात. मी म्हणते, लिहून द्या. कुणी लिहून देत नाही.

पीएचडी अडली तर अडू दे. पहिलं नाव माझं असल्याशिवाय हे काम मी छापू देणार नाही.