कोंडाबाईचं कडवं

आक्का गायला बसली की आधी मालकी सांगायची. ‘हे कोंडाबाईचं हाय,’ किंवा ‘हे माझं.’ मगच पदर सारखा करून सूर लावायची. पुंडलिकनगरातल्या माझ्या खोलीवजा स्टुडिओत तिच्या पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग चाललं होतं, तेव्हा या सवयीचा मला भारी वैताग यायचा. दर वेळी तेवढा भाग कापत बसावं लागे.

कोंडाबाई म्हणजे तिची सासू, देवगाव रंगारीची. उभा जन्म मेंढरांमागे गेला आणि चालता चालता तिनं गाणी रचली. लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ती आपलं नाव गुंफायची. आक्का तिच्याच हाताखाली तयार झाली, पण तिची स्वतःची गाणी वेगळी होती: कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या बायका, मोबाइलवर जमलेली सोयरीक. अर्धी गाणी सासूची, अर्धी सुनेची, असा आमचा बेत. सासूच्या गाण्यातला शब्दही ती इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही. मी एकदा सुधारणा सुचवली, तर म्हणाली, ‘तुमच्या घरात येऊन मी भांडी हलवते का?’

गाणं चार मिनिटांच्या वर गेलं की लोक पुढं ढकलतात, असं मला तेव्हा ठाम वाटायचं. मी सासूच्या गाण्यांची शेवटची कडवी उडवली. आक्काला विचारलं नाही. यादीत त्या गाण्यांपुढं ‘पारंपरिक’ असं लिहून मोकळा झालो. ज्या बाईनं ती रचली, ती तिकडे धडधाकट मेंढरं राखत होती आणि मी तिला परंपरेत जमा केलं. शहाणाच मी!

अल्बम चालला. क्रांती चौकातल्या मिरवणुकीतही वाजला. देवगावात शेजारणीनं म्हातारीच्या कानाशी मोबाइल धरला. गाणं संपलं तरी म्हातारी ऐकत राहिली, आक्कानं मला नंतर सांगितलं. मग सुनेला एवढंच म्हणाली, ‘माझं नाव खाल्लंस व्हय गं?’ त्यानंतर ती आक्काशी बोलली नाही.

आक्का माझ्याकडे आली. भांडली असती तर बरं झालं असतं. ‘म्हातारी हाय तवर जोडून द्या,’ एवढंच म्हणाली. मी ‘बघतो’ म्हणालो. मला दुसरी कामं होती. बघतो बघतो म्हणता दिवाळी झाली, संक्रांत झाली आणि कोंडाबाई गेली.

तेराव्याला मी देवगावला गेलो. बायका गायला बसल्या. आक्कानं सासूचं गाणं धरलं तशी गावातल्या पोरींनी साथ दिली. त्यांना सगळं पाठ होतं, अल्बमवरून. अल्बममध्ये गाणं जिथं संपतं तिथं त्या थांबल्या आणि पंगतीची ताटं मांडायला उठल्या. पुढचं कडवं आक्का एकटीच म्हणत राहिली.

ते कडवं येत असलेला तिथं दुसरा मी एकटाच होतो. कापताना दहादा ऐकलं होतं. मी खाली मान घालून बसून राहिलो.